मोबाइलांतील ॲपांची निवड व निगा
बदल केव्हां करावा आणि स्थिर केव्हां राहावें

पूर्वीं पंचांग, हिशेबाची वही व तलाठ्याचें दप्तर या तिहींकडे शेतकऱ्याचीं जीं कामें असत, त्यांतील बरींचशीं आतां त्याच्या खिशांतील मोबाइलकडे आलीं आहेत. पावसाचा अंदाज, बाजारभाव, पिकाची नोंद, सातबाराचा उतारा, विम्याचा अर्ज, औषधाच्या दुकानदाराचे पैसे, हीं सर्व त्याच एका यंत्रावर होऊं लागलीं आहेत. दर महिन्यास कोणी तरी नवें ॲप घेऊन गांवांत येतो, आणि जुन्या ॲपांचें रूपहि मधून मधून बदलत असतें. अशा स्थितींत कोणतें ॲप धरावें, कोणतें सोडावें, आणि धरलेल्याची निगा कशी राखावी, याचा स्वस्थपणें विचार बहुतेकांनीं केलेला नसतो. बियाण्याची पिशवी घेतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. परंतु ज्या ॲपांत तीन वर्षांचा हिशेब ठेवावयाचा, तें मात्र शेजाऱ्यानें पाठविलें एवढ्याच कारणानें घेतों. म्हणून या विषयाचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीनें येथें करावयाचें योजिलें आहे.

दोन गुण व त्यांचा विरोध

ॲपाच्या अंगीं दोन गुण पाहावयाचे असतात. पहिला स्थैर्य. आज जें काम ज्या रीतीनें झालें तें पुढील हंगामांतहि त्याच रीतीनें व्हावें, आणि आज लिहिलेली नोंद पांच वर्षांनीं वाचतां यावी, हें स्थैर्याचें लक्षण होय. दुसरा गुण लवचिकता. हिचे दोन प्रकार आहेत. आपल्या गटांच्या व पिकांच्या गरजेप्रमाणें ॲपाची मांडणी बदलतां येणें हा एक. आणि अधिक चांगलें साधन मिळाल्यास आपल्या नोंदींसह दुसरीकडे जातां येणें हा दुसरा. पहिल्या प्रकाराची जाहिरात फार होते. दुसऱ्याविषयीं कोणी बोलत नाहीं, पण शेतकऱ्याच्या हिताचा तोच अधिक आहे.

हे दोन गुण पुष्कळदां परस्परांस मारक होतात. ज्या ॲपांत हवे तितके फेरफार करतां येतात, तें शिकावयास वेळ लागतो आणि घरांतील दुसऱ्या माणसास तें वापरतां येत नाहीं. ज्यांत कांहींच बदलतां येत नाहीं, तें सोपें असतें, पण आपल्या शेतास चपखल बसत नाहीं. जो मनुष्य दर हंगामास नवें ॲप धरतो त्याच्या नोंदी चार ठिकाणीं विखुरतात. जो कधींच बदलत नाहीं तो एके दिवशीं बंद पडलेल्या ॲपापुढें हात जोडून बसतो.

यांतून मार्ग काढण्यास शेतांतील रीतच उपयोगीं पडते. आपण पीक दर सालीं बदलतों, पण बांध हलवीत नाहीं. मोबाइलच्या बाबतींत आपला मोबाइल नंबर, बँकेचें खातें, आणि कोणत्याहि यंत्रावर उघडतां येतील अशा स्वरूपांत ठेवलेल्या नोंदी, हे बांध होत. त्यांवर चालणारें ॲप हें पीक समजावें. बांध पक्के असले म्हणजे पीक बदलण्याचें भय वाटत नाहीं.

बदल कोठून येतो

आपण स्थिर राहूं म्हटलें तरी बदल चार वाटांनीं येतो.

(१) ॲप काढणारा तें बंद करतो किंवा अटी बदलतो. गूगल कंपनीनें २०१४ सालीं काढलेलें ‘इनबॉक्स’ हें टपालाचें ॲप लोकांच्या आवडीचें असूनहि एप्रिल २०१९ मध्यें बंद केलें. मात्र त्या ॲपांत दिसणारीं पत्रें जीमेलच्या खात्यांत होतीं, म्हणून तीं कोणाचीं गेलीं नाहींत. गेली ती केवळ मांडणी. याच कंपनीच्या ‘फोटोज’मध्यें पूर्वीं छायाचित्रें हवीं तितकीं विनामूल्य ठेवतां येत, १ जून २०२१ पासून तीं १५ गीगाबाइटच्या मोफत जागेंत मोजलीं जाऊं लागलीं. पिकाचीं व पावत्यांचीं छायाचित्रें तेथें निर्धास्तपणें ठेवणाऱ्यांस जागा भरल्याची सूचना येऊं लागल्यावरच हें समजलें.

(२) सरकारचा किंवा नियंत्रक संस्थेचा हुकूम येतो. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ५९ ॲपांवर बंदी घातली. त्यांत ‘कॅमस्कॅनर’ व ‘शेअरइट’ हीं होतीं. पहिल्यानें कागदपत्रांच्या प्रती काढावयाच्या व दुसऱ्यानें त्या एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवावयाच्या, असा अनेकांचा परिपाठ होता. ज्यांनीं प्रती पी.डी.एफ. स्वरूपांत वेगळ्या काढून ठेविल्या होत्या त्यांस दुसरें ॲप घेण्यापलीकडे कांहीं करावें लागलें नाहीं. तसेंच ३१ जानेवारी २०२४ रोजीं रिझर्व्ह बँकेनें पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या खात्यांत नवी रक्कम भरणें बंद झालें. ज्यांचे सर्व येणें त्या एकाच खात्यांत होतें त्यांची धांवपळ झाली. ज्यांचें मूळ खातें दुसऱ्या बँकेंत होतें त्यांचें विशेष अडलें नाहीं.

(३) मोबाइलची मूळ प्रणाली जुनी होते. कंपनी कांहीं वर्षेंच तिची दुरुस्ती पुरविते. पुढें बँकेचीं व निरोपांचीं ॲपें त्या जुन्या प्रणालीवर चालेनाशीं होतात. यंत्र धडधाकट असूनहि तें निकामी ठरतें.

(४) सरकारी योजनेचेंच ॲप बदलतें. ई-पीक पाहणीचें उदाहरण सर्वांच्या अनुभवाचें आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धति राज्यभर सुरू झाली. त्यानंतर ॲपाच्या आवृत्त्या अनेकदां बदलल्या, आणि ज्याच्या मोबाइलांत मागील हंगामाची आवृत्ति तशीच राहिली होती त्यास ऐन वेळीं नवी आवृत्ति घ्यावी लागली.

कामांची वर्गवारी

सर्व ॲपांस एकच नियम लावणें ही चूक होय. शेतकऱ्याच्या कामांचे तीन वर्ग पाडावे.

पहिला वर्ग पैसा व नोंदी यांचा. येथें स्थैर्यास अग्रमान द्यावा. व्यवहाराचें ॲप दोन वर्षें नीट चाललें असेल तर केवळ बक्षिसाच्या किंवा परताव्याच्या लोभानें बदलूं नये. तथापि येथेंहि एक दुसरी वाट मोकळी ठेवावी. २०१६ सालीं सुरू झालेल्या यू.पी.आय. पद्धतीची रचना या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. तींत पैसे आपल्या बँकेच्या खात्यांतच राहतात, आणि एकाच खात्यावर निरनिराळ्या कंपन्यांचीं ॲपें चालतात. एक ॲप अडलें तर दुसऱ्यानें काम होतें. म्हणून रोजच्या वापरास एक व अडीअडचणीस एक, अशीं दोन ॲपें पुरेशीं आहेत. पांच ठेवण्यांत लाभ नसून धोका मात्र पांचपट आहे. इंटरनेट नसल्यास साध्या मोबाइलवरूनहि *९९# या क्रमांकानें व्यवहार करण्याची सोय आहे, ती एकदां करून पाहावी.

दुसरा वर्ग सरकारनें नेमून दिलेल्या ॲपांचा. येथें निवडीचा प्रश्नच नाहीं. प्रश्न असतो तो वेळेवर तयार राहण्याचा. पीक पाहणीची नोंद गांव नमुना क्रमांक १२ मध्यें जाते, आणि नुकसानभरपाई, विमा, पीककर्ज व सरकारी खरेदी या सर्वांस तिचा आधार लागतो. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत यंत्रणेवर गर्दी होते व ॲप संथ चालतें. नोंदणी सुरू होतांच पहिल्या आठवड्यांत अधिकृत ठिकाणाहून नवी आवृत्ति घ्यावी, शेतांत उभें राहून छायाचित्र काढावें, आणि नोंद खरोखरच पोहोंचली आहे कीं नाहीं तें पुन्हां उघडून पाहावें. शेतांत नेटवर्क नसल्यास माहिती मोबाइलांत साठते व नेटवर्कमध्यें आल्यावर वर चढवावी लागते. हें दुसरें पाऊल राहून गेल्यामुळें ज्यांची नोंद झाली नाहीं असे लोक प्रत्येक गांवांत सांपडतील.

तिसरा वर्ग माहिती व सल्ला देणाऱ्या ॲपांचा. येथें लवचिकता मोकळेपणानें वापरावी. हवामानखात्याचें ‘मेघदूत’ हें ॲप २०१९ सालीं निघालें. त्यांत पुढील पांच दिवसांचा अंदाज व आठवड्यांतून दोनदां, मंगळवारीं व शुक्रवारीं, पिकांविषयीं सल्ला मिळतो. विजेच्या धोक्याची सूचना देणारें ‘दामिनी’ हें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलें आहे. हीं दोन ठेवून शिवाय एखादें खासगी ॲप वापरून पाहण्यास हरकत नाहीं. एक महिना दोघांचा अंदाज व आपल्या शिवारांत प्रत्यक्ष पडलेला पाऊस शेजारीं शेजारीं लिहून ठेवावा, आणि ज्याचा अंदाज अधिक जुळेल तें ठेवावें. सल्ल्याचें ॲप सोडल्यानें आपलें कांहीं त्याच्याजवळ अडकून राहत नाहीं. औषध विकणाऱ्याच्या ॲपानें सुचविलेलें औषध मात्र दुसऱ्याचें मत घेतल्याखेरीज फवारूं नये. त्यासाठीं किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक आहे. त्यास साधा मोबाइलहि पुरतो.

नोंदी अडकल्याचें एक उदाहरण

या तिन्हींत खरें नुकसान नोंदींच्या बाबतींत होतें, म्हणून तेथें थोडें थांबणें अवश्य आहे. निर्यातीच्या द्राक्षबागेस फवारणीची नोंद किती महत्त्वाची असते हें बागायतदार जाणतात. २००६ सालापासून अपेडा संस्थेच्या ग्रेपनेट पद्धतींत निर्यातक्षम बागांची नोंदणी होते, मालांतील औषधांचे अंश तपासले जातात, आणि कोणत्या प्लॉटवर कोणतें औषध, किती मात्रेनें, कोणत्या तारखेस फवारलें व काढणीपूर्वीं किती दिवस सोडले, याचा लेखी पुरावा लागतो.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारानें ऑक्टोबर छाटणीपासूनच्या सर्व फवारण्या एका विनामूल्य ॲपांत लिहिल्या होत्या. ॲप सुरेख होतें. प्रत्येक प्लॉटास वेगळा रंग होता आणि पुढील फवारणीची आठवणहि येत असे. डिसेंबरांत चालकांनीं वर्गणी सुरू केली, व वर्गणी न भरणाऱ्यास मागील नोंदी दिसेनाशा झाल्या. बागेच्या धांदलींत त्यांचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. फेब्रुवारींत पॅकहाउसच्या माणसानें नोंद मागितली तेव्हां त्यांनीं वर्गणी भरण्याचें कबूल केलें. परंतु तोंपर्यंत ॲप काढून पुन्हां घालण्याची घाई घरांतील मुलानें केली होती, आणि ज्या नोंदी केवळ मोबाइलांतच साठलेल्या होत्या त्या पुसल्या गेल्या.

मग त्यांनीं जुळवाजुळव सुरू केली. ब्लोअर चालविणाऱ्या गड्याची मजुरी कागदी वहींत रोजच्या रोज लिहिलेली होती, तींतून फवारणीच्या तारखा निघाल्या. दुकानाच्या पावत्यांवरून औषधांचीं नांवें निघालीं. पण दोन प्लॉटांपैकीं कोणत्या प्लॉटास कोणत्या दिवशीं काय दिलें, हें एका फवारणीपुरतें कांहीं केल्या ठरेना. शेवटीं त्या प्लॉटाचा माल निर्यातीस न जातां स्थानिक बाजारांत कमी भावानें विकावा लागला. माल निर्दोष असेलहि. तो तसा आहे हें दाखविणारा कागद मात्र नव्हता. येथें तारण झालें तें मजुरीच्या वहीमुळें, आणि नुकसान झालें तें ॲपांतून नोंदी वेळोवेळीं बाहेर न काढल्यामुळें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नवें ॲप पारखण्याची रीत

नवा वाण आला म्हणून कोणी मालदांडी मोडून सगळ्या रानांत तो पेरीत नाहीं. दोन गुंठ्यांत पेरून पाहतो. ॲपाचेंहि तसेंच करावें. नोंदींचें नवें ॲप घेतल्यास पहिले पंधरा दिवस त्यांत एकाच प्लॉटाच्या नोंदी कराव्या, व त्याच नोंदी वहींतहि लिहाव्या. नंतर पुढील परीक्षा घ्याव्या :

(अ) इंटरनेट बंद करून नोंद लिहितां येते काय व जुनी नोंद दिसते काय?
(आ) सर्व नोंदी कोष्टकाच्या किंवा पी.डी.एफ.च्या स्वरूपांत बाहेर काढतां येतात काय? पी.डी.एफ. केवळ वाचावयास बरी. कोष्टक मात्र दुसऱ्या ॲपांत घालतां येतें व त्याची बेरीजहि करतां येते. म्हणून दोन्हीं मिळाल्यास उत्तम.
(इ) बाहेर काढलेली प्रत दुसऱ्याच्या मोबाइलवर, तें ॲप नसतांना, उघडते काय?
(ई) ॲप चालविणाऱ्याचें उत्पन्न कशावर आहे? जो वर्गणी घेतो त्याचा हेतु उघड असतो. जो कांहींच घेत नाहीं, तो औषधें विकतो, कीं आपली माहिती विकतो, कीं पुढें वर्गणी लावणार आहे, हें पाहिलें पाहिजे.
(उ) घरांतील दुसरें माणूस तें चालवूं शकतें काय? आपण आजारी असतांना फवारणी थांबत नाहीं, मग नोंद तरी कां थांबावी?

यांत दुसरी व तिसरी परीक्षा जें उतरत नाहीं, तें इतर सर्व बाबतींत कितीहि सोयीचें असलें तरी नोंदींसाठीं घेऊं नये. ज्यांतून बाहेर पडतां येत नाहीं त्याचें स्थैर्य आपल्या हातांत नसून चालकाच्या मर्जींत असतें.

निगा

अपडेट : नवी आवृत्ति येतांच घेणें व कधींच न घेणें, या दोन्हीं चुका आहेत. बँकेचें व व्यवहाराचें ॲप आणि मोबाइलची मूळ प्रणाली यांच्या दुरुस्त्या चोरट्यांपासून बचावासाठीं असतात. त्या लवकर घ्याव्या. नोंदींच्या ॲपाचें अपडेट घेण्यापूर्वीं नोंदींची प्रत बाहेर काढावी, व आठवडाभर थांबून इतरांचा अनुभव विचारावा. काढणीच्या किंवा अर्जाच्या मुदतीच्या आदल्या दिवशीं, अपडेटवांचून काम होतच नसेल तरच तें घ्यावें. प्ले स्टोअरमध्यें आपोआप होणारें अपडेट बंद ठेवण्याची सोय प्रत्येक ॲपास निराळी आहे.

परवानग्या : अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ सालापासून, ॲपास कॅमेरा, ठिकाण, संपर्क इत्यादींची परवानगी वापराच्या वेळीं मागावी लागते. पीक पाहणीस ठिकाण व कॅमेरा लागतो, दामिनीस ठिकाण लागतें. परंतु बाजारभाव दाखविणाऱ्या ॲपास आपल्या संपर्कांची यादी कशास हवी? जी परवानगी कामाशीं जुळत नाहीं ती नाकारावी.

बनावट ॲपें : पीएम किसान किंवा बँकेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल कधींहि उघडूं नये, मग ती ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी, त्याचा मोबाइलहि चोरट्यांच्या ताब्यांत गेलेला असूं शकतो. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें.

मोबाइल नंबर : बँक, आधार व सरकारी योजना यांस जोडलेला नंबर हा सर्वांत मोठा बांध होय. स्वस्त योजनेसाठीं तो सोडूं नये. सलग ९० दिवस वापर न झाल्यास तो बंद होऊं शकतो व पुढें दुसऱ्या कोणास दिला जातो. कंपनीची सेवा नकोशी झाली तर नंबर कायम ठेवून कंपनी बदलतां येते. स्थैर्य व लवचिकता एकत्र नांदल्याचें याहून सोपें उदाहरण नाहीं.

स्थैर्याचाहि अतिरेक नको

येथवर स्थैर्याची बाजू अधिक मांडली, परंतु “आमचें जुनें बरें चाललें आहे” या वृत्तीनेंहि हानि होते. ज्याची प्रणाली कालबाह्य झाली त्या मोबाइलवर बँकेचें ॲप चालविणें म्हणजे कुलूप मोडलेल्या कोठारांत धान्य ठेवणें होय. जुना मोबाइल पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहतां, तो चालू असतांनाच व कामाची धांदल नसतांना नवा घ्यावा, आणि दोन्हीं शेजारीं ठेवून एकेक गोष्ट हलवावी. नव्यावर महिनाभर काम सुरळीत झाल्यावरच जुना पुसावा. नोंदींचें ॲप बदलावयाचें झाल्यास मधल्या हंगामांत बदलूं नये. एका पिकाचा हिशेब एकाच ठिकाणीं पुरा होऊं द्यावा.

वर्षाचें वेळापत्रक

मृगापूर्वीं : न लागणारीं ॲपें, नोंदी बाहेर काढून मगच, काढून टाकावीं, हवामानाचीं ॲपें तपासावीं.
ऑगस्टांत : पीक पाहणीची चालू आवृत्ति घेऊन पहिल्या आठवड्यांत नोंद करावी.
ऑक्टोबर छाटणीच्या किंवा रब्बीच्या पेरणीपूर्वीं : खरिपाच्या नोंदी बाहेर काढून एक प्रत संगणकांत किंवा पेन ड्राइव्हमध्यें व एक कागदावर ठेवावी. नवें ॲप सुरू करावयाचें तर याच वेळीं.
दर महिन्याच्या पहिल्या तारखेस : मागील महिन्याच्या फवारणीची व खर्चाची प्रत बाहेर काढावी. यास दहा मिनिटें लागतात.
पाडव्यास : महत्त्वाचे पासवर्ड व खात्यांची यादी कागदावर लिहून घरांतील एका विश्वासू माणसास ती कोठें आहे तें सांगावें. बँकेचा गुप्त पिन मात्र त्या कागदावर लिहूं नये.

वरील सर्व विवेचनाचा मथितार्थ इतकाच कीं, नंबर, खातें व नोंदी स्थिर ठेवाव्या, सल्ला व सोय यांचीं साधनें पारखून बदलावीं, आणि कोणतेंहि ॲप घेतांना त्यांतून बाहेर पडण्याची वाट आधीं पाहून ठेवावी. ज्या सभासदांस नोंदी बाहेर काढतां येत नाहींत त्यांनीं मासिक सभेस मोबाइल घेऊन यावें. ज्यांस ती रीत अवगत आहे त्यांनीं ती त्यांस तेथेंच करून दाखवावी. येत्या छाटणीपूर्वीं एवढें झालें तरी पुष्कळ नुकसान टळेल.